तुझा जीवन

पोस्टमन पत्र देऊन गेला तेव्हा मोतीलाल केळीच्या बागेत होते. घरी असते तर पाकीट आधी त्यांच्याच हाती पडलं असतं. गेले अकरा दिवस ते त्याचसाठी दुपारभर अंगणात बसून राहत होते. आज नेमकी व्यापाऱ्याची गाडी घड न्यायला आली आणि त्यांना उठावं लागलं.

परत येऊन पाहतात तर बायको, मालूबाई, ओसरीवर पत्र मांडीवर घेऊन बसलेली. सून हिमानी दाराची चौकट धरून उभी.

मुलगा जीवन हवाई दलात होता, विमानांच्या दुरुस्तीवर. सरहद्दीजवळच्या त्या तळावर मोबाइल जमा करून घेत. तिथल्या फोनवरून तो बायकोशी, बापाशी चार शब्द बोलून घ्यायचा. पण मालूबाईचे कान टायफॉइडमध्ये गेलेले. तिला फोनचा काय उपयोग? म्हणून मायला तो दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायचा.

"हे अक्षर जीवनचं नाही," मालूबाई म्हणाली. ऐकू येत नसल्यानं ती नेहमीच मोठ्यानं बोले. आता आवाज पार गल्लीत गेला.

मोतीलालांनी पत्र घेतलं. गोल, नेटकं अक्षर. 'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. हे माझ्या मित्राच्या हातचं आहे. माझ्या बोटाला थोडं लागलं आहे. काळजी करू नये.'

ते तिच्या समोर उकिडवे बसले आणि तिला कळावं म्हणून ओठ नीट हलवत म्हणाले, "बोटाला लागलं. थोडंच. डॉक्टरनं पट्टी केली."

"तो मला आई कधी म्हणतो? माय म्हणतो."

"मित्रानं लिहिलं ना. नाशिककडचा आहे तो. त्याला काय माहीत?"

"मग हे कोणी लिहिलं?"

तिनं पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. 'तुझा जीवन.' हे दोन शब्द मित्राच्या हातचे नव्हते. वेलांटी मागे कलंडलेली, 'न' ओळीखाली घसरलेला, आणि पेन दाबून धरल्यानं एका ठिकाणी कागद फाटलेला. मोतीलालांचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. मायला कळू देऊ नको, असं त्यांनीच पोराला दवाखान्यात फोनवर बजावलं होतं. त्यानं ऐकलंही होतं. पण मायच्या पत्रावर परक्यानं सही करावी, एवढं मात्र त्याच्यानं झालं नसावं.

"हे त्याचंच आहे," मालूबाई म्हणाली. "पण डाव्या हातानं काढलेलं. बोटाला लागल्यावर माणसाला उजव्यानं नावसुद्धा लिहिता येत नाही का?"

"सूज आहे अजून..."

ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं हिमानीकडे पाहिलं. हिमानीनं ओढणी तोंडावर दाबली आणि वळून आत गेली. परवाच्या गाडीनं ती जीवनकडे निघणार होती. मालूबाईला मात्र ती माहेरी, धूलकोटला चालली असं सांगायचं ठरलं होतं.

मालूबाई उठली. किराण्याची यादी लिहायची वही आणि पेन घेऊन आली आणि नवऱ्यापुढे ठेवलं.

"तोंडानं बोलू नका. तोंडचं मी अर्धं ताडते, अर्धं चुकते. लिहा."

मोतीलालांनी पेन उचललं. दवाखान्यातून पहिला फोन आला तो त्यांनीच घेतला होता. डॉक्टरचं सगळं बोलणं 'हां जी, हां जी' करत ऐकलं होतं. मग हिमानीला धरून बसवलं होतं. तेव्हा सगळं निभावलं होतं. आज वहीच्या कोऱ्या ओळीवर पेन टेकेना. अपघात झाला, लिहावं? जीव वाचला, हे आधी लिहावं? शेवटी त्यांनी एकच शब्द लिहिला.

'मनगटापासून.'

मालूबाईनं वाचला. खाली बोट धरून पुन्हा वाचला.

"कधी?"

त्यांनी लिहिलं, 'अकरा दिवस झाले.'

ती रडेल, ऊर बडवेल, याची त्यांना भीती होती. तसं काही झालं नाही.

"अकरा दिवस मी दोन्ही वेळ जेवले," ती म्हणाली.

मोतीलालांनी तिच्या खांद्याकडे हात नेला. ती बाजूला सरकली.

"हिमानी त्याच्याकडेच चालली ना? मला वेडं समजता काय? तिच्या हाती जवाब देते मी."

तिनं वहीचं पान उलटलं. पेन उजव्या हातात धरलं, थांबली आणि ते डाव्या हातात घेतलं.

"अगं, हे काय करतेस?" मोतीलाल म्हणाले. "त्यानं काय होणार आहे?"

पण तिची मान वहीवर वाकलेली होती, आणि खाली बघणाऱ्या मालूबाईपर्यंत या घरात कुणाचाच शब्द पोचत नसे. 'मा' कसाबसा उभा राहिला. 'य' कोलमडला. तिनं खाडाखोड केली, खालच्या ओळीवर आली आणि पुन्हा सुरुवात केली.

बागेकडून गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मोतीलाल उठले नाहीत. अर्धं पान भरलं होतं, आणि त्यात 'माय'शिवाय दुसरा शब्द नव्हता.