बर्फातल्या मासेमारीचा कॅटलॉग

डॉक्टर श्रीनिवास मुजुमदार जाऊन वर्ष झालं, तरी बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या सामानाचा जाडजूड कॅटलॉग एक्क्याण्णव सालीही त्यांच्याच नावानं लंडनच्या स्टॅनमोर उपनगरातल्या घरी येऊन पडला. दोन पत्रं लिहूनही कंपनी ऐकेना, तेव्हा त्यांच्या पत्नी सुप्रभाबाई कोट चढवून ट्रेननं थेट बर्मिंगहॅमला मासेमारीच्या सामानाच्या प्रदर्शनात गेल्या. ह्यांचं नाव यादीतून काढायला लावल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच.

कंपनीच्या स्टॉलवरच्या म्हाताऱ्या गोऱ्यानं कॅटलॉगवरचं नाव वाचलं मात्र, त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे तुम्ही मिसेस मुजुमदार! डॉक्टर दरवर्षी म्हणायचे, पुढच्या खेपेला बायकोला घेऊन येतो. आणलं म्हणायचं शेवटी! आहेत कुठे ते?" आणि त्यानं डॉक्टरांसाठी मुद्दाम बाजूला ठेवलेली गळाची आखूड काठी बाहेर काढली.

सुप्रभाबाईंचं वाक्य ट्रेनमध्येच पाठ करून झालं होतं. पण एवढ्या आनंदावर विरजण कसं घालायचं?

"येतायत मागून," त्या पुटपुटल्या. "गाडी पार्क करतायत."

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. बाईंनी काठी घेतली, ह्यांच्या मापाचे लोकरी हातमोजे घेतले, आणि त्यानं पुढे केलेल्या कॅटलॉगच्या यादीसाठीच्या कार्डावर मुकाट्यानं स्वतःचं नाव नि पत्ताही लिहून दिला.



पुढच्या हिवाळ्यात कॅटलॉग आला. ह्या खेपेला पाकिटावर दोघांची नावं होती.