जवळचं पाणी
बायकोच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या खुशीनं खायचा सोडा आणि लिंबू माझ्यापुढं ठेवलं. दातांवरचे पिवळे डाग जावेत म्हणून तिची आई रोज त्यानं घासून द्यायची. मीही घासले. हिरडीतून रक्त आलं, डाग तसेच राहिले. “हे डाग घासून जात नाही, माय,” मी म्हणालो. “हातपंपाच्या पाण्याचे हायेत. डॉक्टर म्हणे, तुह्या आईच्या किडन्या बी त्याच पाण्यानं गेल्या.” खुशीनं तोंड पुसलं. “आई बिमार होती तं पाणी मीच आणत होती. मंग आईले मीच मारलं काय?” मी तिला हातपंपावर नेलं, खरवडलेली जागा दाखवली. “पाणी पिऊ नका म्हणून सरकारी लोकायनं इथं लाल फुली मारली होती. म्या खरवडली.” “काहून?” “तुही आई फुली पाहून दूरच्या विहिरीवर जाये. तिचे गुडघे दुखत होते.”