शरभाचं दुखणं

गुरांच्या जखमा बांधत गावोगाव हिंडणारा दादू आपल्या कुत्र्याला नि शेळीला घेऊन गव्हाणच्या वेशीशी थबकला. तिथल्या सिंहमुखी दगडी शरभाचा उजवा पाय डंपरच्या धक्क्याने तडकला होता आणि तड्यातून रक्त झिरपत होतं.

दादूने हळद दाबली, फडकं बांधलं आणि प्रत्येक जनावराला म्हणायचा तेच सवयीने म्हणाला, "तुजं दुखनं आमाला दे, बाबा."

तीस वर्षांत ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुत्रा उजव्या पायाने लंगडू लागला. जखम कुठेच नव्हती. तिसऱ्या दिवशी कुत्रा बरा झाला आणि शेळी लंगडू लागली.

चौथ्या सकाळी शेळी उड्या मारत आली, कुत्र्याशेजारी बसली. दोघंही दादूच्या उजव्या पायाकडे टक लावून बघत होती.

दादूने तो अजून जमिनीला टेकवला नव्हता.