व्हर्जिलला पिस्तूल पसंत पडेना

"हे फारच हलकं आहे," असं म्हणून व्हर्जिलनं तिसरं पिस्तूलही काउंटरवर ठेवलं.

डेल्मरनं ते उचललं, रिकामं असल्याची पुन्हा एकदा खात्री केली आणि कपाटात सरकवलं. साडेचार वाजले होते. पाचला दुकान बंद करायचं आणि ते पुन्हा उघडायचं नाही, हे त्यानं सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं. त्याची बायको नेड्रा जाऊन चार महिने झाले होते. दुकानामागच्या दोन खोल्यांत आता तो एकटाच राहत होता, आणि दुकानात तर चारी भिंतींवर बंदुका. आज रात्री काय, हे त्यानं स्वतःशीही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पण त्याला ठाऊक होतं. फक्त हे गिऱ्हाईक एकदाचं कटायला हवं होतं.

गिऱ्हाईक मात्र चिवट. व्हर्जिल म्हणजे त्याचा शाळेतला सोबती. जुनी सगळी पिस्तुलं मुलगा टेक्सासला घेऊन गेला, असं म्हणत तो दोन वाजल्यापासून काउंटरला टेकून उभा होता.

"एकच घेणार. घरात कोणी शिरलं तर कामाला आलं पाहिजे, आणि रविवारी डबे उडवायलाही. आणि स्वस्त हवं."

"एवढ्या अटी लग्न करताना का नाही घातल्यास?" डेल्मर म्हणाला.

"घातल्या होत्या. डोरिसच्या आईनं ऐकूनच घेतल्या नाहीत."

डेल्मरनं आपोआप खिशातल्या आकाराचं एक पिस्तूल पुढं केलं आणि लगेच मागं घेतलं. "हे नको. बंदूक जितकी हलकी, तितकी लाथ भारी. दोन गोळ्यांत मनगट धरून बसशील." बोलून झाल्यावर तो थबकला. हे वाक्य त्याचं नव्हतं. तीस वर्षं याच काउंटरमागं उभी राहून नेड्रा प्रत्येक नवख्या गिऱ्हाइकाला हेच ऐकवायची.

दोघांच्याही डोळ्यांपुढं ती खडीची खाण आली असणार. दर गुरुवारी तिथं कुंपणाच्या लाकडावर रिकामे डबे मांडायचे, आणि ज्याचा नेम सगळ्यांत वाईट त्यानं सगळ्यांना ॲपल पाय विकत घेऊन खाऊ घालायचा. नेड्रा केस रुमालात बांधून उभी राहायची, श्वास सोडायची आणि सहाच्या सहा डबे खाली. बाप्ये नुसते माना खाली घालून पाकिटं चाचपायचे. काय दिवस होते ते!

"अकरा वर्षांत एकदाच ॲपल पाय घ्यावा लागला तिला," डेल्मर म्हणाला.

"तोही खरी हरून नव्हे."

"छे!"

"तुझ्या साठाव्या वाढदिवसाला. मुद्दाम हरली होती. मला म्हणाली, म्हाताऱ्याला सांगू नकोस, आयुष्यात एकदा तरी जिंकल्यासारखं वाटू दे त्याला."

"तरीच!" डेल्मर म्हणाला. "तरीच सहातले पाच चुकवले बयेनं! आणि मी वर्षभर गावभर मिरवलो." तो हसला. डोळे पुसून पुन्हा हसला.

मग त्यानं खालच्या कप्प्यातून पोलिसांनी मोडीत काढलेलं एक जुनं रिव्हॉल्व्हर काढलं. दस्ता झिजलेला, पण आतलं सगळं ठणठणीत. वजनदार, त्यामुळे नेम हलत नाही. बिघडण्यासारखं त्यात काही नाही, आणि नव्याच्या निम्म्या किमतीत. घरासाठी आणि डब्यांसाठी याहून चांगलं आख्ख्या केंटकीत मिळालं नसतं. डेल्मरनं सरकारी फॉर्म पुढं केला आणि पेन ठेवलं. पाचला दहा कमी होते.

व्हर्जिलनं फॉर्म उलटा केला, सुलटा केला. "नळी जरा लांब वाटते रे."

डेल्मरचं डोकं फिरलं. "महिनाभर बघतोय मी! सोमवारी होबार्ट येतो, संध्याकाळपर्यंत हलत नाही. शुक्रवारी पाद्रीसाहेब! त्यांनी जन्मात ससा मारला नाही, आणि दोन तास मला बंदुकीच्या चापाबद्दल विचारतात. काडतुसाची एक पेटी कोणी घेईल तर शपथ! दुकान आहे की जत्रा? खरं सांग लेका, तुला पिस्तूल घ्यायचंय की नाही?"

आमच्या भागात बायको गेलेल्या माणसाला 'कसा आहेस' असं तोंडावर कोणी विचारत नाही. दफनाच्या दिवशी खांद्यावर हात ठेवतात, झाकलेल्या भांड्यातून जेवण पोचवतात आणि मग मक्याबद्दल बोलतात. व्हर्जिलनं टोपी काढली. त्याला हे बोलणं फार जड गेलं.

"नाही घ्यायचं. मुलानं एकही नेलेलं नाही, पाचही घरीच आहेत. सगळी तूच विकलेली." त्यानं फॉर्म परत सरकवला. "मंगळवार माझा असतो, डेल्मर. उद्या क्लेटसची पाळी आहे. आता दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे दे. डोरिसनं तुझं जेवण केलंय आणि पोराच्या खोलीत अंथरूणही घातलंय."

डेल्मर बराच वेळ काउंटरची काच पुसत राहिला. काच आधीच स्वच्छ होती. मग त्यानं पट्ट्याला अडकवलेला जुडगा सोडवला आणि व्हर्जिलच्या हातात दिला.

"सकाळी नऊच्या आत दुकानावर आणून सोड मला," तो म्हणाला. "क्लेटसला ताटकळत ठेवणं बरं नाही."