न वाचलेली कविता

डल्सीने कप पुसायला नवा टॉवेल उलगडला, तर त्यावर नोरीनचं तोंड छापलेलं. खाली नाव, जन्म-मृत्यूची सालं, आणि बाजूला वॅटलच्या पिवळ्या फुलांची डहाळी.

"घ्या!" डल्सी म्हणाली. "जिवंतपणी कधी कपाला हात लावला नाही. आता बरी सापडली."

आणि तिने तो टॉवेल कपात कोंबून गरागरा फिरवला.

"हळू गं," बेव्ह स्कोनच्या गोल पावांवर जॅम लावता लावता कुजबुजली. "तिची लेक बसलीय पुढे."

"बसू दे. तिला काय आईचे गुण माहीत नाहीत?"

गावाच्या पत्र्याच्या हॉलला आज नोरीन केओचं नाव द्यायचं होतं, आणि आठवण म्हणून घरोघरी तो टॉवेल वाटायचा होता. सिडनीहून पाहुणे आले होते, त्यांचे बूट अजून चकचकीत होते. गावातल्या बाया सकाळपासून हॉलच्या स्वयंपाकघरात राबत होत्या. नोरीन आणि डल्सी एकाच वर्षी कविता लिहायला लागल्या, एकाच पेपरात छापून आल्या. नोरीनची पुस्तकं निघाली. डल्सीची कविता मेंढ्यांच्या बाजारभावाखाली यायची, पुढे तीही यायची थांबली. तेव्हापासून कुणी विचारलं की डल्सी एकच सांगायची, "नोरीनचं पुस्तक? पानसुद्धा उलटलं नाही मी." चाळीस वर्षं गावाने हे ऐकलं होतं. गावाला ते पाठ होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मंच दिसत होता. गावची शेतकी जत्रा भरवणाऱ्या शो सोसायटीचा अध्यक्ष लायल गॅफ्नी टाय सैल करत उभा राहिला. हातात कागद नव्हता. या हॉलमध्ये कविता तोंडपाठच म्हणायची, ही गुराख्यांच्या काळापासूनची रीत. कुणी कागद काढला की मागून आरोळी येते, "चुलीत घाल तो!" पुस्तकात बघून म्हणण्यापेक्षा न म्हटलेली बरी.

लायलने घसा खाकरला आणि नोरीनची कविता सुरू केली.

"नदी गेली ग माहेरी, मागे वाळूची राखण,
तिच्या ओल्या पावलांची दगडांना आठवण."

हॉल शांत झाला. डल्सी टॉवेल तसाच हातात धरून खिडकीशी सरकली. 'दगडांना आठवण.' असं कसं सुचतं एखादीला? तीच नदी, तेच दगड आपणही पाहिले होते की.

"टाकी रिकामी दाराशी, तिला विचारी कावळा..." लायल म्हणाला. आणि थांबला.

"विचारी कावळा," तो पुन्हा म्हणाला.

छतावर गुलाबी काकाकुव्यांची नखं खरखरत होती. लायलने नोरीनच्या लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गावातल्या निम्म्या घरांत नोरीनचं पुस्तक होतं, साऱ्या घरांत तिचा टॉवेल असणार होता, आणि पुढची ओळ एकाच्याही तोंडी नव्हती.

डल्सीला ती शांतता मधासारखी लागली. घे, नोरीन. हे तुझं गाव. तिने कप उजेडाला धरला आणि सावकाश पुसला.

"थोडक्यात काय," लायल घाम पुसत म्हणाला, "कावळ्याला प्यायला पाणी पाहिजे होतं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचा हसला. "आपल्यासारखंच! कावळ्याला बिअर द्या!" एक आवाज आला, आणि हसू रांगारांगांतून पुढे येऊ लागलं. चकचकीत बुटांचे पाहुणेही हसले.

डल्सीचा हात थांबला.

नोरीनला नावं ठेवायची तर तिने ठेवायची. तिने, डल्सीने. हे कोण ठेवणारे? ह्यांनी कधी त्या ओळींपायी रात्र जाळली होती का? पण आता तोंड उघडलं की चाळीस वर्षांची टेक गेली. बेव्हसमोर, गावासमोर, त्या लेकीसमोर. गप्प राहिलं की नोरीन गेली, कायमची, एका कावळ्याच्या विनोदात.

"कधी परतेल नदी? गळा पत्र्याचा दाटला."

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. कोरडा, चढा, एकही शब्द न अडखळणारा. माना वळल्या. कमरेला ॲप्रन, हातात ओला कप, अशी डल्सी दारात उभी होती.

"नको विचारू कावळ्या, बाई रुसून गेलेली,
येते आपल्या पावली, कुणी न बोलावलेली."

ती थांबली नाही. पुढचं कडवं म्हणाली, त्याच्या पुढचं म्हणाली. जिथे नोरीन श्वास घ्यायची तिथेच श्वास घेतला. शेवटच्या ओळीला तिचा आवाज थोडा कापला, पण तो कशाने, हे कुणाला कळायच्या आत ती वळून आत आली आणि नळ सोडला. बाहेर टाळ्यांनी पत्रा थरथरत राहिला.

बेव्ह जॅमची सुरी हातात धरून तिच्याकडे बघत होती.

"म्हणजे वाचलंस तू."

"न वाचता चुका कशा सापडणार?" डल्सी कप विसळत म्हणाली.

"मग? किती सापडल्या?"

डल्सीने नळ आणखी मोठा सोडला.

"शोधतेय अजून."