दळणारी

"दळ," म्हणत क्रेसेन्सिया आजीने गारवेलीचं काळं बी पाट्यावर ओतलं. तेरा आणि तेरा दाणे. "पुरुषाचा वारा न लागलेल्या पोरीनंच दळायचं. नाहीतर बी तोंड उघडत नाही."

बावीस वर्षांच्या देल्फिनाने वरवंटा धरला, पण हात हलेना. नऊ दिवसांपूर्वी ओआहाकाच्या बाजाराहून डोंगरवाटेने परतलेला तिचा बाप भिंतीकडे तोंड करून चटईवर पडून होता. अन्न नाही, शब्द नाही. बी पाजून रोग्याच्याच तोंडून दुखण्याचं कारण वदवणाऱ्या या म्हातारीला आणायला आई दोन डोंगर चालून गेली होती.

देल्फिनाचं सेल्सोशी लग्न पावसाळ्यानंतर ठरलं होतं. पण तो कॉफीच्या मळ्यावर निघाला, त्या दुपारी तिने पावसाळ्याची वाट पाहिली नव्हती.

"बसलीस काय देवळातल्या मूर्तीसारखी?" आई खेकसली. "मनगट मोडलं का?"

नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. दळावं, तर बाप मुकाच राहणार. तिला काही सुचेना, आणि सुचेना म्हणूनच ती दळू लागली.

आजीने पीठ पाण्यात कालवलं, फडक्यातून गाळलं, बापाला पाजलं. आवाजाने बी बिथरतं, म्हणून कुत्रा शेजाऱ्यांकडे बांधला होता, कोंबडा टोपलीखाली झाकला होता. दिवस मावळला. देल्फिना बापाच्या ओठांवरून नजर काढेना. ते हलले नाहीत तर दोष कुणाचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ओठ हलले.

"पांढऱ्या दगडापाशी झऱ्यात पडलो मी," बाप स्वच्छ आवाजात म्हणाला. "जीव तिथंच राहिलाय."

आईने शालीचं टोक तोंडात कोंबलं.

"उद्या हाका मारून घेऊन येऊ त्याला," आजी म्हणाली. "उठेल तुझा नवरा."

देल्फिना चक्रावली. बी बोललंच कसं? आजीचं चुकलं, की बियाचं? की ती दुपार आपल्यालाच भलतीसलती आठवतेय?

"दळणाऱ्यांना पाणी द्या," बाप पुटपुटला. "दमल्यात दोघी."

"दोघी कुठल्या?" आई गोंधळली. "अहो, एकटी देल्फिनाच तर आहे."

"आणि ती बारकी?" बाप डोळे मिटून हसला. "सगळं तिनंच तर दळलं."

आईने खोलीभर पाहिलं. आजीने फक्त देल्फिनाच्या पोटाकडे. मग म्हातारी उठली, तुंब्याच्या दोन वाट्या पाण्याने भरल्या आणि दोन्ही देल्फिनापुढे ठेवल्या.