लिफ्टमधली ममी

टीव्हीवर शवपेटीचं झाकण करकरत उघडलं आणि पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेली ममी उठून बसली.

"हे आमचे बाबा," सिद्धेश म्हणाला. हॉलभर टाळ्या पडल्या.

प्रल्हादच्या सत्तरीला सगळे त्याच्या अमेरिकेतल्या घरी जमले होते. रविवारची दुपार होती, जेवणं नुकतीच झाली होती. दर आठवड्याला एक नवी भुताची गोष्ट दाखवणारी चाळीस वर्षांपूर्वीची मालिका सिद्धेशनं नेटवर शोधून काढली होती. बाबांसाठी सरप्राइझ. एवढी वर्षं नुसती ऐकलेली गोष्ट आज प्रत्यक्ष दिसणार होती.

"कशाला रे ते जुनं," प्रल्हाद म्हणाला. "केक कापू या आधी."

"भाऊजी, आज लाजताय होय," शोभाबाई म्हणाल्या. त्या अगदी पुढच्या सोफ्यावर जाऊन बसल्या होत्या. शेजारी नवऱ्यासाठी, जगन्नाथरावांसाठी, ठेवलेली जागा मघाशीच कुणीतरी घेतली होती. ते मागे जेवणाच्या खुर्चीवर बसले.

ही गोष्ट त्यांना पाठ होती. लॉस एंजेलिसला शिकत असताना प्रल्हादला या मालिकेत एका दिवसासाठी ममी केलं होतं. पगार म्हणून दोन हॅम्बर्गर मिळाले, त्यानं नुसता पाव खाल्ला. मग ती लिफ्ट. प्रत्येक गणपतीत, प्रत्येक दिवाळीत प्रल्हाद ही गोष्ट उभं राहून, हात पसरून सांगायचा, आणि शोभाबाई पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. जगन्नाथराव तेव्हा ताटातली कोशिंबीर संपवत असायचे. घरी त्यांच्या बोलण्यावर शोभाबाई हसत नसत असं नाही. पण ते हसू वेगळं होतं, चहा पुढे करताना असतं तसं.

पडद्यावर ममी संग्रहालयाच्या मेजवानीत शिरली. पाहुणे किंचाळले. एका बाईनं तिच्या हातात सूपचा वाडगा दिला. मग ममी लिफ्टमध्ये शिरली, मागे लोंबणारी पट्टी दारात अडकली, लिफ्ट वर गेली आणि ममी भोवऱ्यासारखी गरगर फिरायला लागली.

शोभाबाई हसल्या. सोफ्याच्या पाठीवर डोकं टाकून हसल्या.

ममीचे खांदे फार रुंद आहेत, जगन्नाथरावांना वाटलं. लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. आपण जळतोय म्हणून आपल्याला ते रुंद दिसत असतील. पट्ट्यांखाली कुणाचेही खांदे रुंदच दिसणार.

गोष्ट संपली. "केक, केक," म्हणत सगळे उठले. प्रल्हादची नात राधिका त्याच्या हाताला लोंबकळत म्हणाली, "आबा, यू वर सो फनी." पडद्यावर नावं वर सरकू लागली.

जगन्नाथराव बसूनच राहिले. छापलेलं काहीही अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. औषधाच्या बाटलीबरोबरचा कागदसुद्धा ते शेवटपर्यंत वाचत. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, पण अक्षरांवर होता.

वेटर. पहारेकरी. सूपवाली बाई. ममी — ड्वेन कोलबर्ग.

त्यांनी मान वळवली. केकपाशी सुरी धरून उभा असलेला प्रल्हाद पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होता.

"जगन्नाथ," तो म्हणाला, "डोळे बिघडतील रे. ये, केक खा."

पडदा आपोआप पुढच्या भागावर गेला. जगन्नाथरावांनी केक खाल्ला. आतून त्यांना इतका आनंद झाला होता की दुसरा तुकडाही त्यांनी मागून घेतला.

निघताना दारातल्या अरुंद जागेत दोघंच होते. बाहेर ड्राइव्हवेवर ताजा बर्फ पडला होता. शोभाबाई नेहमीप्रमाणे त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळू लागल्या.

"तो नव्हताच," जगन्नाथराव हळूच म्हणाले. "दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. मी वाचलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जिना होता. मग एक वर्ष फिरतं दार होतं. लिफ्ट नंतर आली." त्यांनी मफलरचा आणखी एक वेढा दिला. "हनुवटी वर करा."

त्यांनी हनुवटी वर केली. "मग एवढं हसतेस कशाला?"

"हसू येतं म्हणून." शोभाबाईंनी मफलरचं टोक आत खोचलं. "आणि अहो, आपल्याला हसवायला एखादा माणूस इतकी वर्षं इतकी मेहनत घेतो. निदान हसावं तरी."

मफलर नाकापर्यंत आला होता, टोपी भुवयांपर्यंत. मधे फक्त चष्मा उरला होता.

ते बाहेर पडले. गाडी रस्त्याच्या कडेला होती. समोरच्या घरातला गोरा शेजारी फावड्यानं बर्फ ओढत होता. ड्राइव्हवेच्या मध्यावर आल्यावर जगन्नाथराव थांबले. शेजाऱ्याकडे बघून घेतलं. मग त्यांनी हातमोज्यांतले दोन्ही हात हळूहळू समोर ताठ उचलले आणि उजवा पाय बर्फातून फरफटत एक पाऊल टाकलं.

शेजाऱ्याचं फावडं थांबलं. मागे शोभाबाईंच्या बुटांची करकर थांबली.

हसण्याचा आवाज आला नाही. जगन्नाथरावांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी हात तसेच ठेवले आणि दुसरा पाय ओढला.